सरकारच्या ओटीवर

नोकरी सुटताना माझ्याकडून सगळं मोजून घेतलं. किल्ल्या, सतरंज्या, पितळी भांडी, एवढंच काय, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळसुद्धा! सही घेतली आणि मला मोकळं केलं. किस्से मात्र कोणी परत मागितले नाहीत. ते माझ्याकडेच राहिले. एकट्या बाईच्या घरात किस्से फार साठतात हो, कारण सांगायला समोर कोणी नसतं. आज तुम्ही चौघी आयत्या सापडलात. चहा घ्या, पाय वर घेऊन बसा, आणि ऐका.

मी तेव्हा वसईला मेट्रन होते. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. वाडीतलं एक भाड्याचं कौलारू घर, पुढे लांब ओटी, मागे विहीर आणि चहूकडून केळी. दारावर पाटी होती ‘रिमांड होम’. गावात कोणी ती वाचत नसे. सगळे त्या घराला ‘सरकारची ओटी’ म्हणत.

काम साधं होतं, निदान कागदावर तरी. ज्या घरात मारहाण चालते, मुलाच्या जिवाला धोका आहे, तिथून मूल उचलायचं, मुलांच्या कोर्टापुढे उभं करायचं आणि निकाल लागेपर्यंत सांभाळायचं. ही जबाबदारी सरकारची. आता सरकार मुंबईला. वसईला सरकार म्हणजे मी, स्वयंपाकाच्या काशीबाय आणि हवालदार गावडे. तिघांत मिळून एक सरकार!

मी तिशीतली, बिनलग्नाची. आईवडील गेलेले, भाऊ दादरला. ओटीच्या टोकाची खोली माझी. दिवसभर पोरांचा गलका, आणि तरी संध्याकाळी त्या खोलीची कडी लावली की वाटायचं, आपल्याला कोणी हाक मारणारं या जगात उरलेलं नाही. असो. पहिला किस्सा गावड्यांचा.

*

मुलांच्या कायद्यात एक फार सुंदर कलम होतं. मुलाला आणायला जाणाऱ्या पोलिसानं गणवेश घालायचा नाही, साध्या वेषात जायचं, म्हणजे मूल घाबरत नाही. कलम लिहिणारा माणूस नक्कीच भला असणार, पण त्यानं आमच्या हवालदाराची ट्रंक पाहिली नव्हती.

एके दिवशी दुपारी फाटकाशी टांगा थांबला. आतून गावडे उतरले. डोक्याला जरीचा फेटा, अंगात काळा कोट, रेशीमकाठी धोतर आणि पायात पोलिसी बूट! मागोमाग आठ-नऊ वर्षांची एक काळीसावळी पोर उतरली. हातात केळं, तोंडावर हसू. स्टेशनपासून गावापर्यंत दिसेल त्या माणसानं “हवालदार, कुणाचं लग्न?” असं विचारलं होतं, आणि पोरीनं ते सगळं खरं धरलं होतं.

ओटीवर चढल्या चढल्या तिनं घरात डोकावून बघितलं आणि मला विचारलं, “बाई, नवरी कुठं हाय?”

ही भागी. कामणच्या बाजूला खाडीकाठचं तिचं गाव. लग्न नाही, जेवणावळ नाही, इथंच राहायचं आहे, हे कळल्यावर तिचं हसू जे मावळलं ते मला अजून दिसतं. केळं तेवढं तिनं घट्ट धरून ठेवलं.

मी गावड्यांना बाजूला घेऊन झापलं, “अहो, साधा वेष म्हणजे काय, काही कळतं का?”

गावडे फेटा काढून घाम पुसत म्हणाले, “बाई, माझ्याजवळ दोनच वेष. एक सरकारनं दिलेला, एक सासऱ्यानं!”

*

चहा पिताना गावड्यांनी भागीची हकिगत सांगितली. ती त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी होती, कारण सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

भागीचा बाप मिठागरावर कामाला. हातभट्टीची लावायचा आणि घरी येऊन बायकोला, म्हणजे येसूला, बडवायचा. मधे पडली तर भागीलाही. शेजारी एक म्हातारी राहायची. तिनं पोलीसपाटलाकडे निरोप धाडला, “पोरीला मारून टाकील.” पाटील म्हणाला, “नवराबायकोच्या भांडणात सरकार कशाला पडेल?” म्हातारीनं पुन्हा निरोप धाडला. पुन्हा तेच उत्तर.

तिसऱ्या वेळी म्हातारीनं निरोप बदलला. “त्या घरात दारू गाळतात.”

आता मुंबई राज्यात दारूबंदी! निरोप पोचायचा अवकाश, पोलिसांची गाडी गावच्या वेशीत! झडती झाली. चुलीमागे दोन बाटल्या सापडल्या. भाताच्या कणगीमागे भागी सापडली. आणि कणगीच्या पुढे येसू, हात कोपरातून मोडलेला.

म्हातारी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती गावड्यांना म्हणाली, “बाटल्या दोन, मानसं दोन. सरकार पैलं कोनाला उचलतंय, ते मना बघायचं होतं.”

“मग?” मी विचारलं.

गावडे कपाकडे बघत म्हणाले, “बाई, आम्ही बाटल्या उचलल्या.”

बाप दारूसाठी काही महिने आत गेला. मारहाणीसाठी नव्हे हं, दारूसाठी! येसू सरकारी दवाखान्यात. पोर घरी एकटी उरली, तेव्हा कुठे तिला आणायचा हुकूम निघाला. दवाखान्यात येसूला विचारलं, हात कसा मोडला? “बांधावरनं पडले,” म्हणाली. नवरा आज ना उद्या सुटून येणार आणि जायला दुसरं छप्पर नाही, मग बाई आणखी काय सांगणार? त्यामुळे बापाविरुद्ध कागदावर होतं काय, तर दोन बाटल्या. तो सुटून आला आणि ‘माझी पोर मला द्या’ म्हणाला, तर तिला अडवून धरायला आमच्या हातात काहीही नव्हतं.

*

पोरांना मी सांगायची, “घाबरू नका, तुम्ही आता सरकारच्या ताब्यात आहात.” वरून तसंच सांगायचा हुकूम होता. कोणाचं समाधान होत असेल ते होवो, पण भागीला पोकळ बोलणं चालायचं नाही.

मी तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन बसली.

“बाई, सरकार कुठं ऱ्हातो?”

“मुंबईला.”

“इथं येनार हाय?”

“त्याला फार कामं असतात गं.”

ती आणखी जरा जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “दारू पितो?”

“छे! दारू तर त्यानंच बंद केलीय.”

भागीचे डोळे मोठे झाले. एवढा वेळ जी सरकत सरकत जवळ येत होती, ती पुन्हा दोन हात मागे सरकली.

“म्हंजे न पिताच मारतो?”

मला हसू आलं. हसले मी. मग सूप बाजूला ठेवलं आणि विहिरीवर जाऊन उगीचच तोंड धुऊन आले.

*

काशीबाय वटारच्या. वाडी होती, माणसं होती, पण नवरा गेल्यावर दिरांनी त्यांना वाडीत फक्त फुलं वेचायला ठेवलं. त्यापेक्षा सरकारच्या पोरांना रांधून घालीन, म्हणून आल्या. अंगानं दांडग्या, आवाज खणखणीत, आणि बोलणं सगळं ‘गो बाय’ लावून.

एकदा पोरं पंगतीला बसली होती. काशीबायनी फळीवरचा डबा काढायला हात वर केला, आणि पंगतीतली सगळीच्या सगळी डोकी एकदम खाली! कोणी दंडात तोंड लपवलं, कोणी पानावरच वाकलं. डबा तसाच फळीवर राहिला. काशीबाय हात वर धरून पुतळ्यासारख्या उभ्या. खाली घेतला तरी पोरं घाबरणार, वर ठेवला तरी घाबरणार!

शेवटी त्या म्हणाल्या, “गो बाय, डबा काढते. हात वर करते हां!”

त्या दिवसापासून आमच्या घरची ती रीतच पडली. डबा काढायचा, कंदील लावायचा, कौलाची गळती बघायची, कपडे वाळत घालायचे, आधी बोलायचं, “हात वर करते हां!” गावडे तर सलाम ठोकण्याआधी सांगायचे. एकदा ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. गावडे ताठ उभे राहिले आणि गरजले, “हात वर करतो हां, साहेब!” साहेब दोन पावलं मागे! गावड्यांनी सलाम केला. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं असेल, देव जाणे.

त्या दिवाळीला मी भावाकडे दादरला गेले. फराळाचा डबा वरच्या फळीवर होता. मी सवयीनं म्हटलं, “हात वर करते हां!” वहिनी हसून हसून बेजार झाली. “वन्सं, इथं काय चोर आहेत की काय?” भाचरंही हसली. सुखी घरातली पोरं, त्यांना कुठून कळणार! मी समजावून सांगायला गेले, तर मधेच कोणीतरी रेडिओ लावला. भरल्या घरात मला इतकं एकटं वाटलं की भाऊबीज उरकून मी दुसऱ्याच दिवशी वसईची गाडी धरली. फाटकात शिरले तर काशीबाय ओटीवर कंदील टांगत होत्या. “हात वर करते हां!” असं ऐकू आलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

*

आता आमचं कोर्ट. मुलांचं कोर्ट कोर्टासारखं दिसू नये, असंही कायद्यात होतं. उंच खुर्ची नको, पिंजरा नको, काळे कोट नकोत. म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेब ठाण्याहून आमच्याकडे यायचे आणि ओटीवरच बसायचे. बरोबर एक कारकून, टाक आणि दौत घेऊन. खाली सतरंजीवर बसलं की साहेबांना उठता येत नसे, गुडघे धरायचे. मग मी त्यांना जाड शिसवी पाट दिला.

साहेब पाटावर बसले, चष्मा लावला, पहिलं प्रकरण पुकारणार, एवढ्यात काशीबायनी त्यांच्यापुढे केळीचं पान मांडलं!

“अहो काशीबाय, कोर्ट बसलंय!” मी ओरडले.

“बसू दे की. पाटावर बसलेल्या माणसाला आमच्या वटारला उपाशी उठवत नाहीत.”

साहेबांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा कारकुनाकडे. ते विधुर होते, वर्षानुवर्षं खाणावळीत जेवत होते, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं. साहेब जेवायला लागले तशी पोरंही ओळीनं त्यांच्याशेजारी येऊन बसली. तेव्हापासून दर खेपेला तसंच. सुरू होण्याआधीच जेवणासाठी तहकूब होणारं कोर्ट जगात बहुधा आमचंच असेल!

भागीची पहिली सुनावणी अशीच भातावर वरण वाढत झाली. साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “भागी, घरी जायचं का गं?”

“आई हाय घरी?”

“दवाखान्यातून सुटून घरीच गेलीय म्हणतात.”

“मंग जायचंय.”

“आणि बाबा सुटून आले तर?”

भागीनं घास खाली ठेवला. “मंग नाय.”

“आणि आईही असली, बाबाही असले तर?”

भागीनं बोटानं भातात रेघ ओढली. मग ती साहेबांना म्हणाली, “तुमी आईला इकडंच आना ना.”

साहेब चष्मा पुसत म्हणाले, “बाळ, कायद्यात मुलांची सोय आहे. आयांची नाही.”

“कोनी केला कायदा?”

“सरकारनं.”

“त्याला आई नव्हती?” भागीनं विचारलं. साहेबांनी पुढची तारीख दिली.

*

रविवार म्हणजे भेटीचा दिवस. सकाळपासून पोरं वेण्या घालून, भांग पाडून ओटीच्या पायऱ्यांवर बसायची. येणारं असायचंच कोण? आमच्यातल्या पाचू नावाच्या पोराच्या आजीशिवाय बहुतेक कोणीही नाही. म्हातारी टोपलीत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन यायची, आणि नातवाला एक देईपर्यंत बाकीची पोरं तिच्याभोवती अशी दाटी करायची की बिचारी सगळ्यांचीच आजी होऊन जायची. पाचूचा त्यावर मोठा राग. “एकेकानं एकेकदाच आजी म्हनायचं!” असं त्यानं ठरवून दिलं होतं.

येसू मात्र येत नसे. दीर तिला घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. भागी दर रविवारी पहिल्या पायरीवर बसायची आणि टांग्याची घंटा वाजली की उभी राहायची. मी माझ्या खोलीच्या दाराशी शिवण घेऊन बसायची. तिच्याकडे बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

एकदा ती तिथूनच म्हणाली, “बाई, तुमाला भेटायला कोन येनार हाय?”

“मला कोण येणार, बाई!”

“कोनच नाय?”

“कोणीच नाही,” मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला होता, पण जमला नसावा.

पुढच्या रविवारी फाटकाशी गडबड ऐकू आली. बघते तर भागी आणि दोन-तीन पोरं मागच्या विहिरीकडून वळसा घालून बाहेर रस्त्यावर उभी! भागीच्या डोक्यावर काशीबायचं लुगडं पदरासारखं घेतलेलं, हातात टोपली. गावडे फाटकावर. नियमाचे मोठे पक्के!

“कोणाला भेटायचंय?”

“मेट्रनबाईला.”

“तुमचं नातं काय?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नातं कोणालाच सांगता येईना. शेवटी भागीच छाती काढून म्हणाली, “सरकारी!”

गावड्यांनी फाटक उघडलं. पोरं रांगेनं माझ्यासमोर येऊन बसली, “तब्येत बरी हाय ना? जेवता ना टायमावर?” असं विचारलं, आमच्याच वाडीतलं एक केळं माझ्या हातात ठेवलं आणि रीतसर पाहुण्यांसारखी परत निघून गेली. मी ते केळं दोन दिवस खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी काळं पडलं तेव्हा खाल्लं. हसू नका गं. पुढे आयुष्यात मला भेटायला किती माणसं आली, पण इतक्या मनानं कोणी आलं नाही.

*

आता शेवटचा सांगते, आणि मग भांडी विसळायला मदत करा.

भागीचा बाप सुटला. सुटून घरी जायच्या आधीच त्यानं अर्ज टाकला की पोर माझी आहे, मला द्या. सुनावणीच्या दिवशी तो आला तो असा, की त्याला पकडणाऱ्या गावड्यांनीसुद्धा ओळखलं नसतं! पांढरंस्वच्छ धोतर, डोक्यावर नवी टोपी, बरोबर गावचा एक वडीलधारा माणूस, हातात भागीसाठी गुलाबी फ्रॉक. बोलणं असं नरम की लोण्यानं लाजावं. त्याच्यामागे येसू, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मोडलेला हात वाकडाच जुळला होता.

कोर्ट बसायच्या आधी ती पाणी प्यायच्या निमित्तानं मागे विहिरीवर आली. मी तिथंच होते. मी कळकळीनं म्हटलं, “येसू, आज खरं बोल. हात त्यानं मोडला, एवढं एक वाक्य बोल. नाहीतर पोर जाईल.”

येसू म्हणाली, “बोलले तर पोर ऱ्हाईल. मी त्याच्यासंगं परत जाईन ना, बाई?”

मी पोहरा उगीचच पुन्हा विहिरीत सोडला. कारण उत्तर ‘हो’ होतं.

तिनं घराकडे बघितलं. ओटीवर वाळत घातलेले पोरांचे कपडे, दाराशी भागी, आत काशीबायच्या भांड्यांचा आवाज.

“इथं कोना-कोनाला ठेवतात?” तिनं विचारलं.

“सोळाच्या आतल्यांना.”

“बाईमानसांना पन?”

“मुलगी असो, मुलगा असो, सोळाच्या आत हवं. कायदाच तसा आहे.” मी हे कसंनुसं होऊन सांगितलं. ती तोंड पुसून ओटीवर गेली.

साहेब पाटावर बसले. आज त्यांनी पान आधी मांडू दिलं नाही. बापानं हात जोडून सांगितलं, दारू सोडली, देवाची शपथ घेतली, पोरीशिवाय घर खायला उठतं. वडीलधाऱ्यानं मान डोलावली. गावड्यांना विचारलं तर त्यांना शपथेवर फक्त बाटल्याच सांगता येत होत्या. साहेबांचा चेहरा बघून मी समजले की पोर आता जाते. भागीनं माझं लुगडं मुठीत धरलं होतं.

“आईचा जबाब घ्या,” साहेब कारकुनाला म्हणाले, आणि स्वतःच विचारायला लागले. “नाव?”

“येसू.”

“गाव?”

तिनं गाव सांगितलं.

“वय?”

येसूनं पदर कपाळावरून मागे घेतला. केसात चांगली पांढरी बट होती. डोळ्यांखाली काळं, पुढचा एक दात पडलेला. ती सरळ साहेबांकडे बघून म्हणाली,

“पंधरा.”

ओटीवर कोणी हसलं नाही. फक्त बाप हसला.

“साहेब, येडी हाय ती! तिशी झाली तिची!”

साहेब त्याच्याकडे वळले. “दाखला आहे?”

“दाखला कसला, साहेब? समोर दिसतंय की!”

“मला विचारू नका काय दिसतंय. दाखला आहे का?”

“नाय.”

“मग तुमचा शब्द आणि तिचा शब्द,” साहेब म्हणाले. त्यांनी ओटीवर नजर फिरवली. “या बाईचं वय कोणाला माहीत आहे का?”

गावडे छपराकडे बघायला लागले. काशीबाय दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. माझ्या लुगड्यावरची मूठ सुटली आणि भागी पुढे झाली.

“मना म्हाईत हाय, सायेब. पंधराच,” ती म्हणाली, आणि कोणी खोटं म्हणू नये म्हणून घाईघाईनं पुढे जोडलं, “ती पन अजून पुरी नाय झाली.”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“लिहा,” ते कारकुनाला म्हणाले.

“काय लिहू, साहेब?”

“पंधरा.”

कारकुनानं टाक दौतीत बुडवला, लिहिलं, टीपकागदानं टिपलं. मग मान वर न करता विचारलं, “आणि तिच्या मुलीचं, साहेब?”

“नऊ. दोघीही सोळाच्या आतल्या,” साहेब म्हणाले. “पुढची केस घ्या.”